टपालवाल्याचे हिरवे पुस्तक

अब्बांच्या पेटीत एक लांबट, जाड पुठ्ठ्याची वही होती. बांगड्यांचा माल आणायला ते फिरोजाबादपर्यंत जात आणि तो खानदेश-वऱ्हाडातल्या बाजारांत पोहोचवत. वर्षातले चारेक महिने असे फिरतीत जायचे. वहीत गावांची नावे होती आणि प्रत्येक नावापुढे दोन-तीन ओळी. मुसाफिरखाना कुठे, खानावळ कोणती, वखारीत माल ठेवू देणारा कोण. काही ओळींपुढे 'नाव विचारत नाहीत' असा शेरा होता. लहानपणी मला तो कळत नसे. स्टेशनावरच्या स्टॉलवर गाइडे मिळत, त्यांत देवळे, किल्ले, बागा आणि त्यांच्या वेळा असत. अब्बांनी तसले पुस्तक कधी विकत घेतल्याचे आठवत नाही.

त्या वहीलाही प्रवासाची मार्गदर्शिकाच म्हणायला हवे, हे फार उशिरा सुचले. अमेरिकेतल्या एका पोस्टमनची हकिगत वाचत होतो, तेव्हा.

पोस्टमन आणि वाटाड्या पुस्तके यांचे नाते तसे जुने आहे. नवव्या शतकात अब्बासी खिलाफतीत इब्न खुर्दादबेह नावाचा एक अंमलदार होऊन गेला. पश्चिम इराणातल्या जिबाल प्रांतात तो बरीदचा, म्हणजे सरकारी टपाल आणि बातमीदारीच्या खात्याचा प्रमुख होता. 'किताब अल्-मसालिक वल्-ममालिक', म्हणजे रस्ते आणि राज्ये यांचे पुस्तक, हे त्याचे काम. एका ठाण्यापासून दुसरे ठाणे किती फरसख, वाटेत कोणता मुलूख, त्याचा महसूल किती, असा त्याचा रोख आहे. आपल्याकडच्या राष्ट्रकूटांची 'बल्हरा' या नावाने त्यात नोंद आहे आणि हिंदच्या राजांत तो थोर असे म्हटले आहे. एवढ्या मोठ्या साम्राज्याची वाट कोणाला ठाऊक असणार? ज्याची माणसे रोज त्या वाटेने जातात त्याला. मात्र हे पुस्तक दरबारासाठी होते. रात्री कुठे निजावे ही खलिफाची अडचण नव्हती.

व्हिक्टर ह्यूगो ग्रीन याची अडचण नेमकी तीच होती. तो १८९२ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला, शेजारच्या न्यूजर्सीत वाढला आणि १९१३ पासून तिथे टपालवाटप करू लागला. लग्नानंतर तो हार्लेमला राहायला आला. त्याची बायको आल्मा ही व्हर्जिनियातल्या रिचमंडची, म्हणजे दक्षिणेकडची. सासुरवाडीला जायचे तर वर्णभेदाचे कायदे असलेल्या मुलखातून जावे लागे. गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी 'वेगळी पण समान' सोय असली की झाले, असा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ सालीच दिला होता. वेगळी सोय असे. समान कुठे असे, ते शोधावे लागे.

रेल्वेत काळ्यांसाठी वेगळा डबा असे, बहुधा सर्वांत गलिच्छ. म्हणून ज्याला परवडे तो कृष्णवर्णीय माणूस मोटार घेई. मोटारीत आपल्याला कोणी उठवणार नाही, हा त्यातला हिशेब. पण मोटारीला पेट्रोल लागते आणि माणसाला भूक, झोप, लघवी लागते. कुटुंबे निघताना डबे, पाण्याचे कॅन, पेट्रोलचे जादा डबे, पांघरुणे आणि एखादी बादलीही बरोबर घेत. चांगली मोटार असणारे काही जण शेजारच्या सीटवर ड्रायव्हरची टोपी ठेवत. पोलिसाने अडवले तर मोटार साहेबांची आहे असे सांगता यावे म्हणून. शिवाय ज्या गावांत सूर्य मावळल्यावर काळ्या माणसाने दिसू नये असा दंडक होता, ती गावेही होती. त्यांना 'सनडाउन टाउन' म्हणत. जेम्स लोवेन यांचा या गावांवरचा ग्रंथ २००५ साली निघाला. अशी गावे केवळ दक्षिणेत नव्हती, उत्तरेत आणि पश्चिमेतही पसरली होती, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडले. नकाशावर हे काही दिसत नसे.

१९३६ साली ग्रीनने 'द नीग्रो मोटरिस्ट ग्रीन बुक' काढले. पहिल्या अंकात न्यूयॉर्क आणि आसपासचा परिसर होता, किंमत २५ सेंट. काही वर्षांतच त्यात देशभरची राज्ये आली आणि १९४९ पर्यंत कॅनडा, मेक्सिको व बर्म्युडाही. महायुद्धाची मधली वर्षे सोडली तर ते तीस वर्षे निघत राहिले. माहिती जमवायची त्याची रीत पोस्टमनचीच होती. गावोगावच्या टपालवाटप करणाऱ्यांना कोणत्या गल्लीत कोण राहते आणि कोणाच्या घरी पाहुण्यासाठी खोली रिकामी आहे हे ठाऊक असे. वाचकांनाही तो पत्ते कळवायला सांगे आणि छापण्याजोग्या मजकुराला सुरुवातीला एक डॉलर देई. पुढे 'एस्सो' कंपनीने आपल्या पेट्रोलपंपांवर हे पुस्तक ठेवले. ही कंपनी कृष्णवर्णीयांना पंप चालवायला देत असे, त्यामुळे पुस्तक नेमके जिथे हवे तिथे मिळू लागले.

मार्गदर्शिकांचा तो सुकाळच होता. डंकन हाइन्स हा छपाईच्या धंद्यातला फिरता विक्रेता. जिथे चांगले खायला मिळाले त्या ठिकाणांची यादी करता करता त्याने 'ॲडव्हेंचर्स इन गुड ईटिंग' हे पुस्तक केले, तेही १९३६ सालीच. मंदीत बेकार झालेल्या लेखकांना काम द्यावे म्हणून सरकारने १९३५ साली योजना काढली आणि त्यातून एकेका राज्याची जाडजूड गाइडे तयार झाली. कवी स्टर्लिंग ब्राउन हे त्या योजनेत कृष्णवर्णीयांविषयीच्या मजकुराचे संपादक होते. १९३७ च्या वॉशिंग्टन शहराच्या हजाराहून अधिक पानांच्या खंडात तिथल्या काळ्या वस्तीवर त्यांनी लिहिलेला निबंध आजही वाचावा असा आहे. जॉन स्टाइनबेकने १९६२ च्या आपल्या प्रवासवर्णनात या गाइडांचे तोंडभरून कौतुक केले आहे.

ते कौतुक रास्त आहे. एवढ्या मोठ्या देशाची इतकी तपशीलवार ओळख क्वचितच कोणी करून दिली असेल. कोणत्या चौकात कोणती लढाई झाली, कोणता पूल कोणी बांधला, सारे त्यांत आहे. पण ही गाइडे काळ्या प्रवाशाच्या हाती दिली तर? पूल पाहून झाल्यावर संध्याकाळी सहा वाजता त्याने काय करावे, याचे उत्तर त्यांत नव्हते. ग्रीनच्या पातळ पुस्तकात पुलाचा पत्ता नव्हता. तिथे हे उत्तर होते.

राज्य, त्याखाली गाव, त्याखाली हॉटेल, 'टूरिस्ट होम', खानावळ, न्हावी, ब्यूटी पार्लर, शिंपी, औषधांचे दुकान, गॅरेज. नाव आणि रस्त्याचा क्रमांक, बस्स. 'टूरिस्ट होम' म्हणजे कोणाचे तरी राहते घर. त्यातली एक खोली वाटसरूसाठी. ही पाने मी संगणकावर वाचली. हार्लेमच्या शोम्बर्ग संग्रहालयातले अंक न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने सर्वांसाठी खुले केले आहेत. वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. टूरिस्ट होमच्या नोंदींत 'मिसेस' अमुक, 'मिसेस' तमुक अशी बायकांची नावे ओळीने येतात. एका खंडप्राय देशातला प्रवास या बायकांच्या जादा खाटांवर चालला होता. इतिहासाच्या ग्रंथांत यांतली किती नावे सापडतील?

दुसरी गोष्ट या पुस्तकाच्या सुराची. त्यात संताप नाही. मारहाण, हाकलणे, झाडाला टांगणे यांचा उल्लेख नाही. प्रवाशाला अडचण आणि ओशाळवाणे प्रसंग टाळता यावेत, अशा सभ्य भाषेत हेतू सांगितला आहे. काहींना यात मिळमिळीतपणा दिसेल. मला तसे वाटत नाही. पेट्रोलपंपावर विकायच्या पुस्तकाला तोंड सांभाळूनच बोलावे लागते, आणि वाचकाला न सांगितलेले ठाऊकच होते. यादी मात्र बोलते. एखाद्या मोठ्या गावाखाली एकच पत्ता असला तर बाकीच्या गावाविषयी आणखी काय लिहायचे? न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्क शहरात १९५५ साली शंभरावर मोटेले होती, त्यांतल्या सहा टक्क्यांहून कमी मोटेलांत कृष्णवर्णीयांना खोली मिळे. आणि अल्बुकर्क काही दक्षिणेत नाही.

ग्रीन न्यूजर्सीत टपाल वाटू लागला त्याच १९१३ साली एक मराठी तरुण नदीच्या पलीकडे न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला उतरला. डॉ. आंबेडकर. या दोघांची गाठ पडायचे कारण नव्हते आणि तशी ती पडलीही नाही. पण १९३० च्या दशकात, जवळजवळ ग्रीनच्याच काळात, आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मकथन लिहिले आणि त्याचा बराचसा भाग प्रवासाचा आहे. लहानपणी मसूर स्टेशनावर उतरल्यावर बैलगाडीवाल्याने नाकारलेली बैठक, परदेशातून शिकून आल्यावर बडोद्यात पारशी नाव घेऊन काढलेले दिवस आणि लाठ्या घेऊन आलेला जमाव, १९२९ मध्ये चाळीसगावचा टांगा. निजायला जागा, बसायला गाडी, प्यायला पाणी. पुढे १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले आणि अमेरिकेतल्या निग्रोंचा व इथल्या अस्पृश्यांचा प्रश्न सारखा असल्याचे सांगितले, त्यामागे हाही अनुभव असणार.

त्या आत्मकथनातला एक प्रसंग आपण घाईने ओलांडू नये. १९३४ साली आंबेडकर आणि त्यांचे सहकारी वेरूळ पाहायला निघाले होते, वाटेत दौलताबादला थांबले. रमजानचे दिवस. धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दरवाजाजवळच्या हौदावर हातपाय धुतले. एका वृद्ध मुसलमानाने हौद बाटवल्याची ओरड केली आणि जमाव जमला. हाच तुमचा धर्म शिकवतो का, एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही अडवाल का, असे आंबेडकरांनी विचारले. जमावाकडे उत्तर नव्हते. शेवटी शिपाई बरोबर देऊन किल्ला पाहू दिला, पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. दौलताबादची माहिती देणाऱ्या कितीतरी पुस्तिका मी चाळल्या आहेत. तुघलक, चांद मिनार, खंदक, अंधारी वाट, सगळे असते. हा हौद नसतो.

अब्बांच्या वहीतले मुसाफिरखाने आपल्याला आसरा देत होते याचा मला अभिमान आहे. त्यांपैकी किती ठिकाणी तेव्हा मांग-महारांच्या पोराला पथारी मिळाली असती, हे मी अब्बांना कधी विचारले नाही.

अमेरिकेत पुढे काय झाले ते थोडक्यात. ग्रीन १९६० मध्ये वारला. आल्मा आणि नंतर इतरांनी पुस्तक चालवले. नावातला 'नीग्रो' शब्द गळला. अखेरच्या काही अंकांपैकी १९६३-६४ च्या अंकात कोणत्या राज्यात कोणता कायदा तुमच्या बाजूने आहे याचा गोषवारा आला. त्याच सुमारास, २५ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री, मायामी बीचवर सनी लिस्टनला हरवून जगज्जेता झालेल्या कॅशियस क्लेने विजयाची रात्र तिथल्या झगमगीत हॉटेलात काढली नाही. खाडीपलीकडच्या काळ्या वस्तीतल्या हॅम्प्टन हाउस या मोटेलात तो माल्कम एक्ससह गेला. काही दिवसांतच तो मुहम्मद अली झाला. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला. हॉटेलात वर्णावरून प्रवेश नाकारणे त्याने बेकायदा ठरवले. अटलांटातल्या एका मोटेलवाल्याने लगेच त्याला आव्हान दिले आणि डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते एकमताने फेटाळले. असे पुस्तक काढावे लागणार नाही तो दिवस कधीतरी येईल, अशी आशा ग्रीनने प्रस्तावनेत व्यक्त केली होती. शेवटचा अंक १९६६-६७ चा.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. बर्मिंगहॅमला ए. जी. गॅस्टन या कृष्णवर्णीय उद्योजकाने १९५४ मध्ये उत्तम मोटेल बांधले होते. १९६३ च्या आंदोलनात मार्टिन ल्यूथर किंग यांचा मुक्काम आणि मसलती तिथेच चालत, म्हणून त्यावर बॉम्बही पडला. बॉम्ब पचवून ते उभे राहिले. सगळी हॉटेले खुली झाल्यावर मात्र गिऱ्हाइके पांगली. अशी कितीतरी हॉटेले, खानावळी आणि खाटा मोडीत निघाल्या. शिवाय १९५६ च्या कायद्यानंतर जे आंतरराज्य महामार्ग झाले, त्यांतले बरेच शहरांतल्या काळ्या वस्त्या चिरत गेले. ग्रीन बुकातले पत्ते शोधत जाणाऱ्यांना आता अनेक ठिकाणी पार्किंगची जागा किंवा उड्डाणपुलाचा खांब भेटतो. मेम्फिसचे लॉरेन मोटेल या पुस्तकात होते. ते टिकले, कारण ४ एप्रिल १९६८ ला त्याच्या सज्जात किंग यांना गोळी लागली आणि पुढे त्याचे संग्रहालय झाले.

'ग्रीन बुक' नावाच्या २०१८ च्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. त्यात हे पुस्तक फार थोडा वेळ दिसते.

अब्बांची वही आता माझ्याकडे आहे. शाई फिकी झाली आहे, तरी वाचता येते. 'नाव विचारत नाहीत' हा शेरा मी मोजला, अकरा ठिकाणी आहे. त्यांपैकी चार ठिकाणी नंतर वेगळ्या शाईने काट मारलेली आहे. एका काटेशेजारी अब्बांनी साल घातले आहे, १९९३.