डुलणारा लाकडी मासा

कळपातला जायबंदी, वेडावाकडा पोहणारा मासाच मोठ्या माशाच्या तोंडी लागतो, हे फिनलंडचे मच्छीमार लाउरी रापाला यांनी हेरले. १९३६ मध्ये त्यांनी बुचाचा तसाच डुलणारा मासा चाकूने कोरला. वर चॉकलेटचा चांदीचा कागद आणि वितळवलेल्या फोटो-निगेटिव्हचा लेप!

आज हौशी मंडळी असे आमिष बाल्सा लाकडातून, विजेवर फिरणाऱ्या रोटरी टूलने घडवतात. काम झटपट होते. पण लाकूड इतके मऊ, की हात जरा रेंगाळला तरी खड्डा पडतो. एक बाजू हलकी झाली, की आमिष पाण्यात कलंडते. त्यामुळे आधी मध्यरेषा आखून दोन्ही बाजू आळीपाळीने घासाव्या लागतात. नाकावर मुखपट्टी आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. रंगरंगोटी दुय्यम, हनुवटीखालची पट्टी तिरकी बसली, तर देखणा मासाही निकामी ठरतो.