स्वरांची समता

हैदराबादच्या मराठी मंडळींनी देवळातील भजन मुद्रित करावयाचे ठरविले, की एक जुनी अडचण पुढे येते. बुवांचा आवाज कधी मंद, कधी चढा. समोरच्या श्रोत्यास ते खटकत नाही, परंतु मुद्रणात मंद शब्द मृदंगाखाली बुडतात.

१९०२ साली कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीने मुद्रण केले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायक कर्ण्यात गात असे. तार षड्जास त्याने मागे सरावे, मंद स्वरास पुढे यावे. नाहीतर सुई खाचेबाहेर उसळण्याचे भय. आवाजाची समता राखणे हे गायकाच्या देहाचे काम होते.

१९२५ पासून विद्युत् मुद्रण पाश्चात्त्य देशांत रूढ झाले व पुढे इकडेही आले. मग ते काम नियंत्रकाच्या बोटांकडे गेले. निजाम सरकारने १९३५ साली हाती घेतलेल्या हैदराबादच्या नभोवाणीचा १९५० साली आकाशवाणीत समावेश झाला. अशा केंद्रांवर काटा चढू लागताच कळ हळूच उतरविण्यास गाण्याचा जाणता कान लागे.

त्यानंतर ठरीव मर्यादेवरील आवाज आपोआप दाबणारी यंत्रे आली. त्यांनी सोय झाली. तथापि यंत्रास अर्थ कळत नाही. आर्त हाक आणि साधे पालुपद ते सारखेच दाबते आणि गायकाचा श्वासही वर आणते.

म्हणून प्रथम एकेक ओळ ऐकून बुडालेला शब्द हाताने उचलावा, मग यंत्रास थोडेच काम द्यावे. वृद्ध बुवांचा आवाज उद्या केवळ त्या मुद्रणातच उरणार आहे. त्यातील आर्तता सपाट होऊ देऊ नये.