विद्युत मोटार आणि कौटुंबिक प्रवास

विद्युत मोटार घरात आल्यावर कुटुंबाचा प्रवास कसा बदलतो, याचा अभ्यास. वाहतूक-अर्थशास्त्रातील हा विषय मुख्यतः कॅलिफोर्निया व नॉर्वे येथे वाढला. किती मोटारी खपल्या यापेक्षा त्या किती चालतात, हा त्यातील कळीचा प्रश्न. पेट्रोलची बचत त्यावरच ठरते.

अमेरिकेच्या 2017 च्या राष्ट्रीय कौटुंबिक प्रवास सर्वेक्षणावरून लुकास डेव्हिस यांनी 2019 मध्ये दाखवले, की विद्युत मोटारी (प्लग-इन हायब्रीड धरून) वर्षाला सरासरी 11,300 किमी. चालतात, तर पेट्रोल-डिझेलच्या 16,400 किमी. मात्र सर्वेक्षणात विद्युत मोटारी थोड्याच होत्या.

बर्लिग, बुशनेल, रॅपसन व वोल्फ्रॅम यांचे 2021 चे संशोधन अधिक भक्कम मानावे लागते. त्यांनी कॅलिफोर्नियातील पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या कंपनीच्या ग्राहकांचे ताशी वीजवापराचे आकडे मोटार-नोंदणीशी ताडून पाहिले. मोटार आल्यावर घराचा वापर दिवसाला अवघा 2.9 युनिटने वाढला होता. राज्याच्या नियामकांनी धरलेल्या आकड्याच्या हे निम्म्याहूनही कमी. बाहेरचे चार्जिंग हिशेबात घेऊनही वार्षिक अंतर सुमारे 8,500 किमी. निघाले. मालकाच्या आठवणीवर विसंबावे लागत नाही, हे या पद्धतीचे बळ.

त्यावर आक्षेपही आहेत. या संशोधनाच्या काळातील बहुतेक मोटारींचा पल्ला कमी होता; डेव्हिस शहरातील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अभ्यासांत लांब पल्ल्याच्या मोटारी बऱ्याच अधिक चाललेल्या आढळतात. मात्र जुन्या मोटारींच्या विक्री-जाहिरातींतील ओडोमीटरच्या नोंदींवर आधारलेल्या 2023 च्या अभ्यासातही तफावत टिकून राहिली : विद्युत 11,500 किमी., पेट्रोल 18,700 किमी.

अमेरिकेत विद्युत मोटार असलेल्या सुमारे 90 टक्के कुटुंबांकडे दुसरी, इंधनावर चालणारी गाडीही असते. लांबचा प्रवास तिच्यावर ढकलला जात असावा. हार्डमन व ताल यांच्या 2021 च्या पाहणीनुसार कॅलिफोर्नियातील केवळ बॅटरीवर चालणारी मोटार घेतलेल्यांपैकी 18 टक्के लोक पुढे पुन्हा इंधनाच्या गाडीकडे वळले. घरी जलद चार्जिंगची सोय नसणे हे त्यामागचे एक प्रमुख कारण.

नॉर्वेत 1997 पासूनची टोलमाफी आणि पुढे बसमार्गिकेची मुभा यांमुळे कामावर जाण्यासाठी विद्युत मोटार सोयीची ठरली. 2024 मध्ये तेथील नव्या मोटारींपैकी सुमारे 89 टक्के विद्युत होत्या. सवलतींमुळे सार्वजनिक वाहतुकीचे प्रवासी किती घटले, याविषयी मतभेद आहेत.

भारतात विद्युत वाहने प्रामुख्याने दुचाकी व तीनचाकी असल्याने हे निष्कर्ष येथे थेट लावता येत नाहीत.