उन्हाळीवर जिवाणूंचा पहारा

मराठीत ज्या त्रासाला उन्हाळी लागणे म्हणतात, त्या लघवीच्या जळजळीमागे पुष्कळदा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असतो; आतड्यातील ई. कोलाय हा जिवाणू योनिमुखाशी ठाण मांडतो आणि स्त्रियांच्या आखूड मूत्रनलिकेतून मूत्राशयात चढतो. या जिवाणूचे वर्णन थिओडोर एशेरिश यांनी 1885 मध्येच केले होते, परंतु त्याची वाट अडवणाऱ्या जिवाणूंचा माग मूत्ररोगांच्या अभ्यासातून लागला नाही. तो लाइपझिगचे प्रसूतितज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांना 1892 मध्ये, बाळंतज्वराची कारणे शोधताना लागला. निरोगी योनिस्रावात त्यांना आम्ल निर्माण करणारे दंडाकृती जिवाणू आढळले, ज्यांना पुढे लॅक्टोबॅसिलस म्हटले जाऊ लागले.

या निरीक्षणाचा मूत्रमार्गाशी असलेला संबंध ध्यानात यायला सुमारे ऐंशी वर्षे जावी लागली. 1970च्या दशकात कॅनडातील मूत्ररोगतज्ज्ञ अँड्र्यू ब्रूस यांना दिसून आले, की ज्या स्त्रियांना हा संसर्ग वारंवार होतो त्यांच्यात लॅक्टोबॅसिलसची वस्ती विरळ असते. मग केवळ शत्रू मारत बसण्यापेक्षा हरवलेले रहिवासी परत का वसवू नयेत, हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि या साऱ्या इतिहासातील खरे वळण तेच होय. संशोधक ग्रेगर रीड यांच्यासह त्यांनी अभ्यासलेला लॅक्टोबॅसिलसचा जीआर-1 हा वाण एका निरोगी स्त्रीच्या मूत्रनलिकेतून मिळवलेला होता. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटले की ही वस्ती ओसरते, आणि 1993 मध्ये राझ व स्टॅम या संशोधकांनी इस्ट्रिऑल या इस्ट्रोजेनच्या योनिमार्गी मलमाने ती परतते व संसर्गही पुष्कळच कमी होतो हे दाखवल्याने ब्रूस यांच्या विचाराला बळ मिळाले.

कसोटीचा प्रसंग 2012 मध्ये नेदरलँड्समध्ये आला. रजोनिवृत्त झालेल्या 252 स्त्रियांच्या चाचणीत वर्षभर रोज प्रतिजैविक घेणाऱ्यांना सरासरी 2.9 वेळा, तर लॅक्टोबॅसिलस घेणाऱ्यांना 3.3 वेळा संसर्ग झाला, म्हणजे जिवाणू औषधाच्या तोडीचे ठरले नाहीत. मात्र प्रतिजैविक गटातील ई. कोलायमध्ये महिन्याभरातच औषधाला न जुमानण्याची शक्ती झपाट्याने वाढली, आणि दुसऱ्या गटात ती वाढली नाही. हा लाभ मोलाचा आहे. तरीही 2015 मध्ये कॉक्रेन संस्थेने 9 अभ्यासांतील 735 रुग्णांचा आढावा घेतला तेव्हा प्रोबायोटिकांचा, म्हणजे अशा उपकारक जिवाणूंचा, प्रतिबंधक गुण सिद्ध झाला नाही, म्हणून आजच्या पुराव्यावर त्यांना डॉक्टरांनी दिलेल्या औषधाच्या जागी बसवता येत नाही.