हरलेल्या पहारेकऱ्यांची साक्ष

रक्त चढविल्यावर काही रोग्यांस कावीळ होई. ‘ए’ व ‘बी’ हे ज्ञात विषाणू तर कित्येकांत सापडेनात, असे अमेरिकेत डॉ. हार्वे आल्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली दाखविले. मग हा तिसरा कोण?

श्रोतेहो, हा रोग ज्यांच्या अंगात मुरतो, त्यांचे शरीर स्वस्थ बसलेले नसते. ते प्रतिपिंडे तयार करते. परंतु विषाणू आपले बाह्य रूप सारखे पालटतो, आणि प्रतिपिंडे कालच्याच चोराला शोधीत राहतात. मारेकरी पांढऱ्या पेशीही वर्षानुवर्षे झुंजून थकतात. झीज सोसावी लागते ती यकृताला. असले पहारेकरी आम्ही तरी निकामीच ठरविले असते!

कॅलिफोर्नियात मायकेल हौटन, क्वी-लिम चू व जॉर्ज कुओ यांनी मात्र त्यांनाच साक्षीला बोलाविले. बाधित चिंपांझीच्या रक्तातून मिळविलेल्या जनुकद्रव्याच्या लाखो तुकड्यांपासून जिवाणूंकरवी प्रथिने करविली, आणि रोग्याची प्रतिपिंडे कशाला चिकटतात ते पाहिले. अखेर एक तुकडा सापडला. १९८९ साली ‘सी’ विषाणू जाहीर झाला. पाठोपाठ दात्यांचे रक्तही प्रतिपिंडांवरून तपासता येऊ लागले.

आज औषधांनी बहुतेक रोगी बरे होतात. प्रतिपिंडे रक्तात मागे उरतात खरी. पण पुन्हा लागण झाली तर त्यांच्या भरवशावर राहता येत नाही.