आठवणींवर उभा राहिलेला ग्रंथ : लीळाचरित्र

१/ चिखलीहून मेहकरमार्गे लोणारकडे जाणारा रस्ता ज्या मुलखातून जातो, तेथे तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचा संचार होता. मेहकर व लोणार येथील त्यांच्या वास्तव्याच्या हकिकती ‘लीळाचरित्रा’त आहेत. मराठीतील हा आद्य गद्य चरित्रग्रंथ सर्वस्वी माणसांच्या स्मरणावर उभा आहे.

२/ स्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. इ. स. १२७४च्या सुमारास ते उत्तरापंथे निघून गेले. मागे उरल्या त्या शिष्यांच्या आठवणी. रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी त्या गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या.

३/ हे काम किती अवघड होते, ते आजचे मेंदूविज्ञान सांगते. प्रसंग मेंदूच्या एकाच कप्प्यात साठत नाही. दृश्य एकीकडे, आवाज दुसरीकडे, भावना तिसरीकडे नोंदली जाते. हिप्पोकॅम्पस हा मेंदूतील लहानसा भाग या तुकड्यांची गाठ बांधतो. आठवताना ते तुकडे पुन्हा जुळवावे लागतात.

४/ या जुळवणीत फरक पडतो. करीम नादर व सहकाऱ्यांनी २००० साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, जागी झालेली जुनी स्मृती काही काळ पुन्हा अस्थिर होते आणि तिला नव्याने पक्के व्हावे लागते. म्हणजे आठवण्याच्या क्रियेतच बदलाला वाव असतो.

५/ लीळाचरित्राला ही कसोटी दुसऱ्यांदाही द्यावी लागली. चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीवर दिल्लीच्या फौजा आल्या. त्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. मग ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या, त्यांनी ग्रंथ पुन्हा उभा केला. त्यांत हिराइसेचे नाव आदराने घेतले जाते.

६/ साहजिकच पाठ एक राहिला नाही. हिराइसेचा पाठ निराळा, रामेश्वरबासांचा निराळा, परशरामबासांचा निराळा. एकच पाठ खरा ठरवून बाकीचे पुसून टाकणे सोपे होते. परंतु अनेक पोथ्यांत भिन्न पाठ शेजारी शेजारी नोंदलेले आढळतात. अशा पाठभेदाला तेथे शब्द आहे ‘वासना’.

७/ हा शब्द अर्थपूर्ण आहे. भारतीय दर्शनांत वासना म्हणजे अनुभवाने चित्तावर उमटलेला संस्कार. पाठभेद ही केवळ लेखनिकाची चूक नसून एका माणसाच्या चित्तातील ठसा आहे, ही जाणीव त्या एका शब्दात सामावली आहे.

८/ पुढे बुलढाणा जिल्ह्यातील नरवेल येथे जन्मलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी पोथ्या ताडून लीळाचरित्राची आवृत्ती सिद्ध केली. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती १९७८ साली प्रसिद्ध केली.

९/ स्मृती अचूक नसते, म्हणून ती त्याज्य ठरत नाही. कोण सांगतो आणि दुसरा काय सांगतो, हे दोन्ही जपले की तिच्यावर इतिहास उभा राहू शकतो. रिद्धपूरच्या परंपरेने हे सातशे वर्षांपूर्वी करून दाखवले.