दहावा नंबर

15 ऑगस्ट 2016 ची संध्याकाळ. बैहरला पावसाची झड लागलेली. दिवेलागणीच्या आत आमची जेवणं आटोपतात, म्हणून रिओ ऑलिम्पिकची महिलांची स्टीपलचेसची फायनल टीव्हीवर लागली तेव्हा सासूबाईंसकट आम्ही सगळ्या जणी समोर बसलो होतो. पुतणी तेवढी आतल्या खोलीत. त्या हिवाळ्यात शाळेच्या शर्यतीत ती सहावी आली होती, आणि घरातच कुणीतरी हसत म्हटलं, "सहाव्या नंबरला काय देतात गं, पेढा?" तेव्हापासून तिचे बूट जिन्याखाली पडून होते.

पळत होती ललिता बाबर. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची, शेतकऱ्याची लेक. माण म्हणजे दुष्काळी मुलूख. आपल्याकडे पावसाळ्यात धानाच्या बांध्या भरून वाहतात, तिथली तहान आपल्याला कळायची नाही. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती लागोपाठ तीन वर्षं पहिली आली, आणि मग ही अडथळ्यांची शर्यत धरली. 3000 मीटर पळायचं, त्यात 28 अडथळे आणि वर 7 वेळा पाण्यावरची उडी. अडथळा अडीच फूट उंच आणि असा जड, की पाय अडकला तर तो पडत नाही, बाईच पडते! 2014 ला इंचॉनच्या आशियाई खेळांत तिला कांस्य मिळालं, 2015 ला वुहानच्या आशियाई स्पर्धेत सोनं. रिओच्या पहिल्या फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंद, म्हणजे नवा राष्ट्रीय विक्रम. 1984 च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. मधे 32 वर्षं गेली.

फायनलमध्ये ती दहावी आली. सासूबाई म्हणाल्या, "अरेरे, मेडल गेलं."

मला मात्र दुसरंच आठवत होतं. आठवीत असताना मी 400 मीटर पळायचे, बरी पळायचे. मग मोठी आई म्हणाली, पोरीच्या जातीला एवढं सोसत नाही, पुढं त्रास होतो. संपलं. आम्ही कुणी वाद घातला नाही. पुष्कळ वर्षांनी वाचलं, की मोठी आई जे बोलली तेच शिकलेल्या साहेबांनी 1928 सालीच लिहून ठेवलं होतं. त्या वर्षी ॲमस्टरडॅमला बायका पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये 800 मीटर पळल्या. जर्मनीच्या लीना राडकेनं जागतिक विक्रम करून सोनं घेतलं. पण पेपरांनी छापलं काय, तर बाया धडाधड कोसळल्या. त्या शर्यतीचं चित्रीकरण आहे, त्यात तसं काही दिसत नाही. थकून कुणी टेकलं असेल. पुरुष टेकत नाहीत का? तरी ती शर्यत बायकांसाठी बंद झाली ती थेट 1960 पर्यंत. मॅरेथॉन मिळाली 1984 ला. आणि स्टीपलचेस, जी पुरुष 1900 पासून ऑलिम्पिकमध्ये पळत होते, ती बायकांना 2008 मध्ये. मैत्रिणींनो, हिशेब करा, 108 वर्षं! म्हणजे ललिता शाळेत होती तेव्हा तिची शर्यत ऑलिम्पिकमध्ये नव्हतीच.

हे सगळं मी त्या रात्री सासूबाईंना सांगत होते, जरा तावातावानंच. पुतणी कधी दारात येऊन उभी राहिली कळलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "काकू, दहावी आली तरी तिचं नाव घेतात?"

"घेतात ना. मी घेतेय की."

ती काही बोलली नाही. आठवड्यानं बूट धुऊन ओट्यावर वाळत घातलेले दिसले.

मेडल तिला पुढंही मिळालं नाही, खोटं कशाला सांगू. सकाळी मुक्कीच्या रस्त्यानं पळायला मात्र तिच्यासोबत आणखी चार पोरी येऊ लागल्या. त्यातली एक बैगा टोल्यावरची, अनवाणी पळणारी. ती हिला रोज मागं टाकायची, आणि परतताना दोघी आमच्या ओट्यावर बसून भिजवलेले चणे खायच्या.